खेळ मोठा, कणगी लहान



जावळी खोऱ्यातल्या माणसाला मे महिना म्हटला की मुंबईकरांची वाट पाहणे आले. आमच्याकडे घरटी एक तरी माणूस मुंबईला किंवा नव्या मुंबईच्या बाजारात माथाडी म्हणून गेलेला असतो, आणि यात्रा-सुट्टीच्या निमित्ताने ही मंडळी मेढ्याच्या एस.टी. स्टँडवर पिशव्या घेऊन उतरली की गाव भरल्यासारखे वाटते. गेल्या मे महिन्यात आमच्या शेजारी असेच एक चुलते आले. पुतण्यासाठी त्यांनी एक खेळाचे यंत्र आणले होते. त्यांच्या स्वतःच्या मुलाने दोन वर्षे वापरलेले, पण चांगल्या स्थितीतले. त्यात तीन खेळ आधीच भरलेले होते, आणि वर एका नव्या खेळाची कोरी डबी होती. पोरगा इयत्ता सातवीतला. त्याचा आनंद काय वर्णावा!

त्याच रात्री साडेनऊच्या सुमारास माझ्या दाराची कडी वाजली. दारात त्या मुलाची थोरली बहीण उभी होती. म्हणाली, "सर, तुमच्याकडं नेट चालू आहे का? माझा प्रवेशाचा अर्ज आज रात्री बारापर्यंतच भरायचाय, आणि आप्पांच्या फोनवर काहीच उघडत नाही." मी तिला आत घेतले, अर्ज भरून झाला, पावती निघाली. मग मी विचारले, "फोनला झालं काय?" तेव्हा सारा प्रकार कळला. भावाने नव्या खेळाची वडी यंत्रात घातली, तर यंत्र म्हणाले की उरलेला खेळ नेटवरून उतरवून घ्यावा लागेल, आणखी २१ जीबी. आणि जागा आहे फक्त ९ जीबी. पोराने जागा करण्यासाठी जुने दोन खेळ पुसले. आप्पांच्या फोनचा हॉटस्पॉट लावला. अर्ध्या तासाच्या आत आप्पांच्या पॅकचा दिवसाचा दीड जीबी डेटा संपला. नवा खेळ आला नाही, जुने दोन गेले, आणि ताईचा अर्ज अडला. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागणे म्हणतात ते हेच!

आप्पा म्हणत होते, दुकानदाराने फसवले. पोरगा म्हणत होता, यंत्र बिघडले. खरे पाहता यांतले काहीच झाले नव्हते. डबीच्या दर्शनी बाजूलाच खाली बारीक अक्षरांत लिहिलेले होते की हा खेळ पूर्ण होण्यासाठी नेट आणि मोकळी जागा लागेल. ते वाचायचे असते आणि वाचून त्याचा हिशेब करायचा असतो, हे कोणाला ठाऊक नव्हते एवढेच. तो हिशेब कसा करावा, हे आज तुम्हांला सांगावे असा माझा विचार आहे. शिक्षकबंधू-भगिनींनी विशेष लक्ष द्यावे, कारण यातली गणिते सातवी-आठवीच्या वर्गात सहज घेता येतील. आणि ज्यांच्या घरी असे यंत्र नाही त्यांनीही कंटाळू नये. 'मेमरी फुल' ही तक्रार तर आता प्रत्येकाच्या फोनची आहे.

प्रथम हे यंत्र काय आहे ते पाहू. जपानमधील क्योतो शहरात निन्टेंडो नावाची एक कंपनी आहे. १८८९ साली ती निघाली तेव्हा खेळण्याचे पत्ते तयार करीत असे. याच कंपनीने ३ मार्च २०१७ रोजी 'स्विच' नावाचे यंत्र बाजारात आणले. हातात धरले की हातातला खेळ, आणि एका खोबणीत बसवून टीव्हीला जोडले की घरातला मोठा खेळ, असे त्याचे दुहेरी रूप आहे. एस.टी.त बसून जो खेळ अर्धा खेळलात, तोच घरी आल्यावर टीव्हीवर पुढे चालू. ही सोय लोकांना फार आवडली. परंतु यंत्र हातात मावायचे तर ते हलके हवे, लहान हवे, आणि बेताच्या किमतीचे हवे. तेव्हा त्याच्या पोटातली साठवणही बेताचीच ठेवावी लागली. पहिल्या स्विचमध्ये ती ३२ जीबी होती. २०२१ साली आलेल्या सुधारित पडद्याच्या नमुन्यात ६४ जीबी झाली. ५ जून २०२५ रोजी 'स्विच २' आले, त्यात ती २५६ जीबी आहे.

आता जीबी म्हणजे काय? सातारा जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावणे अगदी सोपे आहे. पावसाळ्यात रोज सकाळी आपण बातम्यांत ऐकतो, कोयना धरणात इतके टीएमसी पाणी. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट; शंभर कोटी घनफूट. तसेच जीबी म्हणजे शंभर कोटी बाईट. तिथे घनफूट मोजतात, इथे बाईट. बाईट म्हणजे माहितीचा एक लहानसा घास. आपल्या देवनागरीतले एकेक चिन्ह यंत्रात साठवायला सर्वसाधारणपणे ३ बाईट लागतात. 'मेढा' या शब्दात म, त्याची मात्रा, ढ आणि काना अशी ४ चिन्हे, म्हणून १२ बाईट. या हिशेबाने पानाला दीड हजार चिन्हे धरली, तर दोनशे पानांच्या मराठी पुस्तकाला सुमारे ९ लाख बाईट होतात. म्हणजे एका जीबीत अशी अकराशे पुस्तके मावतील. ३२ जीबी म्हणजे पस्तीस हजार पुस्तकांचे ग्रंथालय! एवढे असून जागा पुरत नाही, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. त्याचे कारण पुढे येईलच.

तत्पूर्वी एक खुलासा. यंत्रावर ३२ लिहिलेले असले तरी खेळांसाठी सुमारे २६ च मिळतात. मग बाकीचे ६ गेले कुठे? याची दोन कारणे आहेत. पहिले कारण मापाचे. जुन्या काळी एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळत नसे. तसाच हा प्रकार. साठवणीच्या वस्तू विकणारा हजार-हजारांच्या पटीत मोजतो, आणि यंत्र आत दोनच्या पटीत, म्हणजे १०२४ च्या पटीत मोजते. दोनला दोनने दहा वेळा मांडून गुणले की १०२४ येतात, हे विद्यार्थ्यांकडून फळ्यावर करून घ्यावे. तीन वेळा ही तफावत पडत गेली, की विक्रेत्याचे ३२ यंत्राच्या मापाने जेमतेम २९.८ भरतात. दुसरे कारण धरणाशी जुळणारे आहे. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी, परंतु त्यांतले तळचे सुमारे ५ टीएमसी मृतसाठा म्हणून राहतात, ते आपल्या वापरासाठी धरीत नाहीत. यंत्राच्या पोटातही असा एक राखीव भाग असतो. यंत्र चालवणारी स्वतःची व्यवस्था त्यात राहते. फोन घेतानाही हेच ध्यानात ठेवा. डबीवरचा आकडा हा पूर्ण क्षमतेचा असतो; आपल्याला हवा तो उपयुक्त साठ्याचा आकडा.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. खेळ एवढे मोठे का झाले?

तुमच्यापैकी चाळिशीतल्या मंडळींना आठवत असेल, नव्वदच्या दशकात जत्रेत, शहरांतल्या दुकानांत टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम मिळत. त्यांच्या वड्यांवर 'नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ' असे लिहिलेले असायचे, आणि घरी आणून पाहावे तर तेच ते मोजके खेळ पुन्हा पुन्हा! त्यांतला मिशावाला मारिओ सर्वांच्या ओळखीचा. तो 'सुपर मारिओ ब्रदर्स' खेळ १९८५ साली जपानमध्ये निघाला. त्याचे सारे मिळून आकारमान होते ४० केबी, नेमके सांगायचे तर ४०,९६० बाईट. आपल्या हिशेबाच्या पुस्तकाची नऊ-दहा पाने भरतील एवढेच! हे कसे साधले? करणाऱ्यांनी काटकसरीची शर्थ केली होती. रांगोळीचा एकच ठसा पुन्हा पुन्हा उठवून जसे मोठे अंगण भरावे, तसे थोड्याशा लहान चौकोनी चित्रांतून त्यांनी सारे जग उभे केले. त्या खेळात आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांचा आकार एकच आहे. ढगाला पांढरा रंग दिला, झुडपाला हिरवा. आम्ही वर्षानुवर्षे खेळलो तरी कोणाच्या लक्षात आले नाही.

आज तसे राहिलेले नाही. आजच्या खेळात प्रत्येक भिंतीचा पोपडा, प्रत्येक झाडाची साल, माणसाच्या चेहऱ्यावरची सुरकुती यांची बारकाईने काढलेली चित्रे असतात. पात्रे बोलतात, तीही अनेकदा पाच-सात भाषांत, आणि तुम्ही एकाच भाषेत खेळलात तरी बाकीच्यांचे आवाज कधी कधी त्याच पोतडीत येतात. संगीत असते, चित्रपटासारखे प्रसंग असतात. अक्षरे थोड्या जागेत मावतात; चित्र आणि आवाज यांना मात्र जागा फार लागते. म्हणून पस्तीस हजार पुस्तके मावणाऱ्या कोठारात खेळ दोन-तीनच मावतात. २०१७ साली स्विचबरोबरच आलेला 'झेल्डा' मालिकेतला मोठा खेळ सुमारे १४ जीबीचा आहे. २०२५ साली स्विच २ बरोबर 'सायबरपंक २०७७' हा खेळ ६४ जीबीच्या वडीत घालून विकायला आला. ६४ जीबीला ४०,९६० ने भागून पाहा. उत्तर बरोबर १५ लाख ६२ हजार ५०० येते. एका वडीच्या जागेत जुने मारिओ साडेपंधरा लाखांवर मावतील!

यावरून खेळ मोठा म्हणजे चांगला असा समज मात्र करून घेऊ नये. आपल्या पुण्याचेच उदाहरण घ्या. पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स नावाचा एक लहानसा चमू आहे. त्यांनी 'राजी' नावाचा खेळ रचला. हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेली एक मुलगी आणि असुरांशी तिचे युद्ध, अशी त्याची कथा. गोष्ट सांगण्यासाठी त्यांनी बाहुल्यांच्या सावल्यांच्या खेळाची रीत वापरली आहे. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीला चामड्याच्या बाहुल्यांचा जो खेळ करतात, त्याच जातीची. २०१७ साली लोकवर्गणीतून पैसे उभे करण्याचा त्यांचा प्रयत्न अपुरा पडला होता, तरी त्यांनी काम सोडले नाही. १८ ऑगस्ट २०२० रोजी हा खेळ सर्वप्रथम याच स्विच यंत्रावर आला आणि त्याच वर्षी जागतिक पारितोषिकांत पदार्पणाच्या उत्तम खेळांच्या नामांकनात त्याची गणना झाली. लहान यंत्राच्या मर्यादेत काय बसवायचे आणि काय गाळायचे याचा विचार ज्यांना जमतो, त्यांना मोठ्या कोठारावाचून अडत नाही.

आता डबीत काय असते ते पाहू. पूर्वी वडी घेतली की सारा खेळ त्या वडीतच असे. आज चार प्रकार झाले आहेत, आणि विकत घेणाऱ्याने ते ओळखले पाहिजेत.

पहिला प्रकार, पूर्ण खेळ वडीत. म्हणजे पोते घरात येऊन पडले. दुसरा, अर्धा खेळ वडीत आणि अर्धा नेटवरून. आमच्या शेजारच्या मुलाचा हाच होता. वडीतली साठवण महाग पडते. म्हणून काढणारी मंडळी कधी लहान वडी घेतात आणि उरलेला भाग खरेदीदाराने उतरवून घ्यावा असे ठरवतात. तिसरा प्रकार स्विच २ बरोबर आला. त्याला 'गेम-की कार्ड' म्हणतात. यात वडी असते, पण वडीत खेळ नसतो. फक्त किल्ली असते. पहिल्या वेळी संपूर्ण खेळ नेटवरून उतरवायचा, आणि पुढे खेळताना वडी आत घातलेली असावी लागते. चौथा प्रकार म्हणजे डबीच नाही. पैसे भरायचे आणि खेळ उतरवायचा.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर पहिला प्रकार म्हणजे घरच्या कणगीतले धान्य, आणि तिसरा म्हणजे वखारीची पावती. पावती खोटी नसते. ती दुसऱ्याला देता येते. गेम-की कार्डही मित्राला देता येते, विकता येते, ही सोय चौथ्या प्रकारात नाही. पण पावती शिजवून खाता येत नाही. वखार उघडी असेतोवर आणि तिथपर्यंत रस्ता असेतोवरच तिचा उपयोग. याच कंपनीच्या आधीच्या दोन यंत्रांची, थ्रीडीएस आणि वी-यू यांची, नेटवरची दुकाने २७ मार्च २०२३ रोजी नव्या खरेदीसाठी बंद झाली. आधी घेतलेले खेळ पुन्हा उतरवण्याची सोय त्या वेळी चालू ठेवली, हे खरे. पण दुकान कायमचे उघडे नसते, हा धडा त्यातून घ्यायला हवा. मोठ्या शहरात वेगवान नेट असलेल्याला पोते आणि पावती यांतला फरक जाणवत नाही. केळघरच्या घाटाखाली रेंज शोधत फिरणाऱ्याला तो पहिल्याच दिवशी जाणवतो.

आता रस्त्याचा हिशेब. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवे आहेत, ती काहींनी पाहिली असतील. जमिनीत खोल, पोट मोठे, आणि तोंड एक माणूस उतरेल एवढे. पोट कितीही मोठे असले तरी हळद आत जाणार ती त्या लहान तोंडातूनच. नेटची जोडणी हे असे तोंड आहे. त्याचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, आणि इथे पुष्कळ जण फसतात. बिट आणि बाईट एक नव्हेत. ८ बिटांचा १ बाईट होतो. तुमच्या जोडणीचा वेग दर सेकंदाला १० मेगाबिट असेल, तर दर सेकंदाला सव्वा मेगाबाईट माल आत येतो. मग ६४ जीबीला किती वेळ? ६४ ला ८ ने गुणून हजाराने गुणा. ५ लाख १२ हजार मेगाबिट झाले. त्याला १० ने भागा. ५१,२०० सेकंद, म्हणजे १४ तास १३ मिनिटे. तेही वेग एकदाही कमी झाला नाही तर.

फोनच्या पॅकवर हिशेब आणखी कठीण आहे. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल, तर १० मेगाबिटच्या वेगाने तो अवघ्या २० मिनिटांत रिकामा होतो. ६४ जीबीला मग ४३ दिवस लागतील, आणि त्या ४३ दिवसांत घरात दुसऱ्या कोणी फोनवर काही करायचे नाही! दिवसाचा डेटा संपल्यावर पुष्कळ पॅकांत नेट अजिबात बंद होत नाही. वेग ६४ किलोबिटवर येतो. आप्पांच्या फोनचे तेच झाले होते. त्या वेगाने अर्जाचे पान उघडणे कठीण, आणि ६४ जीबीचा खेळ उतरवायचा म्हटले तर ९२ दिवसांवर लागतात. म्हणून घरातल्या मोठ्यांना माझे सांगणे आहे की हॉटस्पॉट चालू करून देताना "किती जीबी उतरवायचे आहे?" हा एक प्रश्न विचारा. पोरांवर ओरडण्यापेक्षा तो अधिक उपयोगी पडतो.

मग करावे काय? अनुभवाने सुचलेल्या काही गोष्टी सांगतो.

एक : डबी घेण्याआधी दर्शनी बाजू खालपर्यंत वाचा. नेट लागेल असे लिहिले असेल तर किती जागा लागेल तो आकडा पाहा. मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना खेळ आणायला सांगताना 'पूर्ण खेळ वडीत असलेला' असे मोकळेपणाने सांगा.

दोन : साठवण वाढवता येते. पहिल्या स्विचला फोनमध्ये घालतात तसले मायक्रो एसडी कार्ड चालते. २ टीबीपर्यंत, म्हणजे २,००० जीबीपर्यंत. स्विच २ ला मात्र खेळ साठवण्यासाठी 'मायक्रो एसडी एक्स्प्रेस' याच जातीचे कार्ड लागते. दिसायला दोन्ही सारखीच. जुने कार्ड त्यात घातले तर त्यातली जुनी छायाचित्रे तेवढी काढून घेता येतात. तेव्हा घेताना नाव नीट वाचा.

तीन : फारच स्वस्त कार्डापासून सावध राहा. वर ५१२ लिहायचे आणि आत त्याच्या विसाव्या हिश्शानेही साठवण नसायची, अशी बनावट कार्डे बाजारात येतात. यंत्रालाही ती खोटा आकडा सांगतात, आणि कार्ड भरत आले की आधीचा माल नासतो. पावती देणाऱ्या ओळखीच्या दुकानातूनच कार्ड घ्यावे.

चार : एका यंत्रात भरलेले कार्ड काढून दुसऱ्या यंत्रात घातले तर त्यातले खेळ चालत नाहीत. मुंबईच्या दादाने आपले भरलेले कार्ड पाठवले तरी उपयोग नाही. त्यापेक्षा यंत्रच चांगले नेट असलेल्या घरी न्यावे, रात्रभर खेळ उतरवून घ्यावा, आणि परत आणावे. एकदा उतरला की एकट्याने खेळायच्या बहुतेक खेळांना रोज नेट लागत नाही.

पाच : जागा करण्यासाठी खेळ पुसावा लागला तर घाबरू नका. या यंत्रात खेळ आणि खेळाची प्रगती वेगवेगळ्या जागी राहतात. आपण कुठवर आलो, काय काय मिळवले, याची नोंद यंत्राच्या स्वतःच्या पोटात असते; कार्डावर नसते. खेळ पुसला तरी ती नोंद राहते, आणि खेळ पुन्हा आणला की जिथे थांबलात तिथून सुरू होतो. नोंद पुसण्याची जागा निराळी आहे. तिथे हात लावू नका. मात्र यंत्रच हरवले किंवा मोडले तर ती नोंदही जाते. तिची प्रत नेटवर ठेवण्याची सोय आहे, पण तिला वर्गणी पडते.

सहा : आपोआप होणाऱ्या सुधारणा बंद करून ठेवाव्यात. खेळात दुरुस्त्या होत राहतात आणि यंत्र त्या न विचारता उतरवून घेऊ लागते. फोनच्या नेटवर असताना हा छुपा खर्च जड जातो. सवडीने, चांगल्या जोडणीवर, आपणच सांगून त्या घ्याव्यात.

शिक्षकांना एक सुचवतो. 'आमच्या घरची साठवण' या विषयावर मुलांना एक तक्ता करायला सांगा. घरातल्या फोनची एकूण साठवण किती, उपयुक्त किती, कशाने किती व्यापली. दिवसाचा पॅक किती आणि तो कशावर खर्च झाला. गुणाकार, भागाकार, शेकडेवारी, एककांची रूपांतरे असे सारे त्यात येते, आणि उत्तर चुकले तर घरीच कळते. मी माझ्या महाविद्यालयाच्या वर्गात हे करून पाहिले. पुष्कळांच्या फोनमधली निम्मी जागा एकमेकांना धाडलेल्या 'शुभ सकाळ'च्या चित्रांनी आणि चित्रफितींनी व्यापलेली निघाली!

राहिली त्या मुलाची गोष्ट. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो यंत्र घेऊन माझ्याकडे आला. मागे ताई होतीच. मान खाली. मी त्याला रागावलो नाही, कागद-पेन्सिल दिली. म्हटले, "२१ जीबी, वेग १०. किती वेळ लागेल ते काढ, मग लावू." त्याने दोनदा चुकवले, तिसऱ्यांदा उत्तर आले, चार तास चाळीस मिनिटे. चुलत्यांनी साताऱ्याहून एक कार्ड आणून दिले होते, ते बसवले, आणि रात्री दहाला माझ्या घरच्या तारेच्या जोडणीवर खेळ लावून दिला. दीडच्या सुमारास वीज गेली, पाऊण तासाने आली, आणि जिथे थांबले होते तिथून काम पुन्हा सुरू झाले. सकाळी सातला तो दारात हजर. खेळ आलेला होता. पुढच्या दोन रात्रींत पुसलेले दोन्ही खेळही परत आले, आणि त्यांतली आधीची कमाई जशीच्या तशी होती. ते पाहून त्याने ताईकडे बघितले आणि म्हणाला, "तुझा अर्ज पण गेला ना?" ताई म्हणाली, "गेला. पण आता हॉटस्पॉट मला विचारून लावायचा." तो बरे म्हणाला.

घरातली कणगी लहान असली म्हणून कोणी धान्य पेरायचे थांबत नाही. कणगी केवढी, पोती किती आणि आधी कोणाची गरज भागवायची, एवढे पाहून आपली आई-आजी वर्षाचा संसार चालवीत आली. यंत्र जपानी असले तरी हिशेब तोच आहे.